मामांची स्प्लेंडर का बंद पडते : दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

गाडी स्प्लेंडर, २००१ चं मॉडेल, ९७.२ सीसी, किक स्टार्ट, एमएच ०३ पासिंग. आधी मामांची, आता माझ्याकडे. मामा रिटायर होऊन चिपळूणला राहायला गेले आणि गाडी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बिल्डिंगखाली कव्हर घालून बराच काळ नुसती उभी राहिली. २०२१ ला पासिंग झालंय, त्यामुळे २०२६ पर्यंत कागदांची चिंता नाही. चिंता चालण्याची आहे.

सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, हायवेला छान पळते. जेव्हीएलआरला, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागलो, गांधीनगर ओलांडलं आणि आयआयटीच्या आसपास मेट्रो ६ च्या कामाच्या पत्र्यांमुळे ट्रॅफिक तुंबलं, की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगता रांगता बंद. मग किक मारून पाय दुखतो, गाडी दाद देत नाही. दहा-पंधरा मिनिटं कडेला उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजला नेली तर तिथे तासभर गुमान चालू राहते आणि मेस्त्री माझ्याकडेच संशयाने बघतो.

आजवर वेगवेगळ्या मेस्त्र्यांनी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा पाइप बदलला. एकाने नवा कार्बोरेटर टाका म्हणून सांगितलं, दुसऱ्याने थेट इंजिन खोलायला. दोघांनीही गाडी बंद पडलेली बघितलेली नाही.

रात्री मामांना फोन केला. बेस्टच्या विक्रोळी डेपोत त्यांची उभी हयात वर्कशॉपला गेली. माझं सगळं पुराण ऐकून म्हणाले, “अरे, बंद पडते ते कळलं. कशी पडते ते सांग की. आचके देत पडते, का चावी फिरवल्यासारखी?”

हे मी बघितलंच नव्हतं. म्हणून ही वही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बंद पडली की आधी ती कशी पडली ते लिहायचं, मगच किक.

१२ जून, गुरुवार

यंदा पाऊस २६ मेलाच आला, त्यामुळे जूनच्या मध्यातच सगळं ओलंचिंब आहे. आज गाडी पवई तलावाच्या अलीकडे बंद पडली. आचके देत. आधी पिकअप गेला, ॲक्सिलरेटर पिळला तर आणखीच दबली, चोक ओढल्यावर चार पावलं उचलून धरली आणि मग संपली. पेट्रोल संपल्यावर होतं तसंच, पण टाकीत निम्म्याच्या वर पेट्रोल.

चोक ओढल्यावर, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवल्यावर, क्षणभर सावरली, ही बातमी महत्त्वाची. म्हणजे ठिणगी होती, पेट्रोल कमी पडत होतं.

टाकीचं झाकण उघडून कान दिला. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि झाकण उघडताच फुस्स आवाज येतो. आवाज आला नाही. झाकण निर्दोष. त्याचा रबर मात्र दगडासारखा कडक झालाय, हे लक्षात ठेवायचं.

१५ जून, रविवार

कार्बोरेटरकडचा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडला आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला. सुरुवातीला चांगली धार, अर्ध्या मिनिटात ती सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग टिप टिप.

इथे थोडा हिशेब केला. ही गाडी ताशी ४० ने जाताना लिटरला ६० किलोमीटर देते असं धरलं तर मिनिटाला साधारण ११ मिलिलिटर पेट्रोल पुरतं. म्हणजे पातळ धारेवरही ती चालू शकते, टिप टिपवर नाही. आणि कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो, त्यामुळे वरून येणं आटलं तरी गाडी लगेच बंद पडत नाही, थोडं पुढे जाऊन पडते. दहा मिनिटं थांबलो की टिप टिप का होईना, वाटी भरते आणि गाडी सुरू होते. थांबल्यावर सुरू होण्याचं कोडं सुटलं, असं आज तरी वाटतंय.

कॉकखालची वाटी खोलली. आत गंजाचा चॉकलेटी गाळ, जाळीवर त्याचा लेप. बाटलीत काढलेलं पेट्रोल खिडकीत उजेडाकडे धरलं तर तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर. दोन्ही थर जवळजवळ पारदर्शक, पण मधली रेघ स्पष्ट. खात्री करायला आईच्या डब्यातला शिऱ्यात घालायचा केशरी रंग चिमूटभर टाकला. कण वरच्या थरातून न विरघळता सरळ खाली उतरले आणि तळाचा थर तेवढा भडक केशरी झाला. म्हणजे तळाला पाणी, आणि त्याच्यासोबत पेट्रोलमधून फुटून बाहेर पडलेलं इथेनॉल.

सध्या जुन्या गाडीला काहीही झालं की ई२० च्या, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या नावाने खडे फोडायची पद्धत आहे. माझं मत एवढं टोकाचं नाही. इथेनॉल पाणी पोटात घेतं, आणि थोड्या ओलाव्यापर्यंत ते सोयीचंच असतं, कारण ते पाणी पेट्रोलसोबत जळून जातं. हद्द संपली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाला बसतात. वर उरतं ते इथेनॉल गमावलेलं पेट्रोल. कडक झालेल्या रबरातून पावसाचं पाणी आत शिरत असेल आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल, तर ही हद्द ओलांडायला वेळ लागत नाही. पंपावरच्या पेट्रोलइतकाच माझ्या झाकणाचा रबरही गुन्हेगार आहे.

कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल टाकीच्या आत उभ्या असलेल्या छोट्या नळीतून येतं, तळापासून थोडं वर. ‘रिझर्व्ह’वर ते थेट तळातून. म्हणजे रिझर्व्हला लावलं की आधी हाच गाळ आणि हेच पाणी. मागच्या महिन्यात रिझर्व्हला लागल्यावर गाडीने जो छळ मांडला होता, त्याचं कारण हे.

२१ आणि २२ जून, शनिवार-रविवार

टाकी साफ. लोक ॲसिड टाकतात, मी सायट्रिक ॲसिड घेतलं. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. लिटरला ५०-६० ग्रॅम या हिशेबाने भरलेल्या टाकीला अर्ध्या किलोच्या वर लागलं. टाकी अर्धी भरून चालत नाही, छताचा गंज तसाच राहतो. कॉकची जागा रबरी बुचाने बंद केली, रंग खराब होऊ नये म्हणून झाकणाभोवती ग्रीस थापलं. मूठभर नट टाकून टाकी आधी खळाखळा हलवली, मग गरम पाण्यातलं ॲसिड भरून रात्रभर गॅलरीत. पेट्रोल काढायचं काम मात्र खाली मोकळ्यावर केलं, जिन्यात किंवा घरात अजिबात नाही. निघालेलं पेट्रोल नाक्यावरच्या मेस्त्रीने पार्ट धुवायला नेलं.

सकाळी पाणी ओतलं तर चहासारखं काळपट. आतून पत्रा राखाडी, स्वच्छ. यानंतरचा टप्पाच अवघड असतो. उघडा पडलेला पत्रा मुंबईच्या जूनमध्ये बघता बघता पुन्हा तांबडा होतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून घेतली, दोनदा साधं पाणी, लगेच बहिणीचा हेअर ड्रायर, आणि पूर्ण वाळल्यावर थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून ओतून टाकलं. झाकणाला नवा रबर, कॉकला नवी जाळी आणि नवी ओ-रिंग. बाटलीचा प्रयोग पुन्हा केला. धार शेवटपर्यंत एकसारखी.

हात लागलाच होता म्हणून इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी बघितल्या. दोन्हींना ०.०५ मि.मी.ची पट्टी हलकी अडत सरकते. तिथे काही नाही.

२ जुलै, बुधवार

इतके दिवस गाडी तुपासारखी चालली आणि मी घरात बढाया मारून घेतल्या. आज साकीविहार रोडच्या सिग्नलच्या आधी बंद. पण आचके नाहीत. चावी फिरवल्यासारखी एकदम. चोक ओढून काही फरक नाही. पुन्हा तेच, पंधरा मिनिटांनी पहिल्या किकला सुरू.

मामांना सांगितलं तर फोनवर हसले. “म्हणजे दोन भुतं आहेत. एक उतरवलंस.”

आता उलगडतंय की मेस्त्री का गोंधळले. पेट्रोल तुंबून बंद पडली तरी दहा मिनिटांनी सुरू होणार, कारण वाटी भरते. आणि तापून एखादी वायर किंवा कॉइल तुटत असेल तरी दहा मिनिटांनीच सुरू होणार, कारण ती थंड होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गॅरेजपर्यंत ढकलत नेईपर्यंत दोन्ही पुरावे गेलेले असतात.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

या जुन्या मॉडेलचं इग्निशन बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या आत एक वेगळी कॉइल असते, एक्सायटर, ती फक्त ठिणगीसाठी वीज तयार करते. ती वीज सीडीआय नावाच्या इग्निशनच्या डबीत साठते. पिकअप कॉइलने वेळेचा इशारा दिला की सीडीआय ती इग्निशन कॉइलमध्ये सोडतो आणि प्लगला ठिणगी पडते. बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन चालतं. म्हणून ‘हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतो, मग करंट आहे’ हा मेस्त्र्यांचा युक्तिवाद इथे लागू नाही. हॉर्नचं घर वेगळं, ठिणगीचं घर वेगळं.

चावीचं कामही इथे उलटं आहे. चावी ‘ऑन’ केल्यावर करंट जोडला जात नाही. ‘ऑफ’ केल्यावर सीडीआयची काळी-पांढरी वायर अर्थ होते आणि ठिणगी मरते. म्हणजे चावीच्या आतला पितळी कॉन्टॅक्ट झिजून किंवा ओला होऊन कुठे टेकला, तर चावी न फिरवता गाडी ‘ऑफ’ होणार. चोवीस वर्षं जुनं स्विच, त्यात पाऊस. संशयाला भरपूर जागा.

साइड कव्हर काढून सीडीआयच्या सॉकेटमधली काळी-पांढरी वायर सुटी केली, टोकाला टेप. आता चावी गाडी बंद करू शकत नाही. बंद करायची तर टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडायचा. नाक्यावर एका काकांना चावी काढल्यावरही गाडी चालू दिसली आणि त्यांनी मला थांबवून समजावून सांगितलं की तुमची गाडी बिघडलीय.

९ जुलै, बुधवार

चावी सुटी असूनही आज आयआयटीच्या मेन गेटसमोर तशीच एकदम बंद. चावीचं स्विच सुटलं आरोपातून. काळी-पांढरी वायर परत जोडायची.

दप्तरात जुना चालणारा प्लग ठेवलाच होता. रेनकोट घालून फुटपाथला लागलो, कॅप काढून त्यात तो प्लग अडकवला, धातूची बाजू सिलिंडरच्या पंखांना टेकवली, किक मारली. काहीच नाही. पुन्हा काहीच नाही. निळं, पांढरं, पिवळं, काही नाही. घड्याळ बघत थांबलो. साधारण बारा मिनिटांनी मारलेल्या किकला टक् करून निळी ठिणगी. गाडी बंद पडते तेव्हा ठिणगी नसते, हे आता डोळ्यांनी बघितलं.

तेच गॅरेजमध्ये बघून उपयोग नव्हता. तिथे ठिणगी असायचीच.

१३ जुलै, रविवार

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला साधा मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड. सीडीआयच्या सॉकेटवर मोजलं. एक्सायटरची काळी-लाल वायर आणि हिरवी अर्थ यांच्यात ३१२ ओहम. पिकअप १२१ ओहम. दोन्ही आकडे बघून कुणीही म्हणेल, कॉइल चांगल्या आहेत.

तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. इंजिनजवळची कॉइल ६० अंशांनी तापली तर पावपटीच्या जरा आत वाढ अपेक्षित आहे. म्हणजे एक्सायटर ३८५ च्या आसपास जायला हवी, पिकअप दीडशेच्या आत. यापेक्षा वेगळं काही दिसलं तर चोर सापडला.

घरासमोर स्टँडवर चालू ठेवून तापवायला नको. शेजाऱ्यांना धूर आणि इंजिनला नाहक त्रास. आकडे रस्त्यावरच घ्यायचे.

१६ जुलै, बुधवार

सापडली.

पवईला नेहमीच्या ठिकाणी बंद पडली. साइड कव्हर आधीच एका स्क्रूवर सैल ठेवलं होतं. पावसाची भुरभुर, म्हणून छत्री खांद्याशी धरून सॉकेट उपटलं आणि मीटरच्या पिना घातल्या. पिकअप १४८. शहाण्यासारखी. एक्सायटर: ओएल. म्हणजे सर्किट तुटलेलं, अनंत. पिना नीट बसल्या नसतील म्हणून परत दाबल्या. ओएल. तसाच धरून बसलो. बऱ्याच वेळाने आकडा एकदा १८०० वर उडाला, परत ओएल, मग तीनशे नव्वदच्या वर येऊन थरथरला आणि हळूहळू ३८४, ३८१, ३७९ असा उतरायला लागला. सॉकेट लावलं, किक मारली, सुरू.

एक्सायटरची तार केसासारखी बारीक आणि वेढे हजारोंनी. वर वार्निशचा थर. कुठेतरी ती आत तुटलेली आहे, थंड असताना टोकं टेकून राहतात, तापून पसरली की सुटतात. हवेवर थंड होणारं इंजिन हायवेला थंड राहतं, रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतं. जेव्हीएलआरशी गाडीचं वैर नव्हतं, तिथल्या वेगाशी होतं.

१९ जुलै, शनिवार

कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर कॉइल प्लेट (मॅग्नेटच्या आतल्या सगळ्या कॉइल जिच्यावर बसतात ती) शोधली. पहिल्या दुकानात ‘सेम टू सेम’ म्हणून दाखवलेली प्लेट हातात घेतली तर सॉकेटच्या वायरींचे रंगच वेगळे, नव्या मॉडेलची. पुढे एकाकडे योग्य ती मिळाली. पैसे देण्याआधी तिथेच मीटर लावला, ३०५ ओहम. दुकानदार म्हणाला, “एवढं कोण बघतं साहेब.” जुन्या प्लेटवरची कॉइल रिवाइंड करून मिळते, आणि चांगला कारागीर असेल तर मी तेच सुचवेन, पण मला रविवारी गाडी हवी होती.

२० जुलै, रविवार

नाक्यावरच्या मेस्त्रीकडे बसवली, कारण मॅग्नेट काढायला पुलर लागतो आणि माझ्याकडे नाही. हातोडीने ठोकून मॅग्नेट काढणारे बघितलेत. त्यात आतली चुंबकं तडकतात, क्रँकचं टोक दुखावतं, आणि बिल दुसऱ्याच कामाचं होतं. पुलरने दोन आट्यांत टक् करून सुटला.

जुनी प्लेट घरी आणली आणि एक्सायटर टेबलावर ड्रायरने तापवली. मीटर लावलेला. बाकीच्या कॉइल फिकट तपकिरी, ही काळपट, आणि सोल्डरच्या टोकाशी वार्निश पापुद्र्यासारखं उचललेलं. सुईने पापुद्रा जरा बाजूला केला तर तिथेच तार हिरवी पडलेली. ड्रायर लावला की ओएल, काढला की हळूहळू परत. मेस्त्रीला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर, “हे मला आधी सांगितलं असतं तर.” मी काही बोललो नाही.

२७ जुलै, रविवार

टाकी साफ आणि ठिणगी पक्की झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावला. आधी लावला असता तर गाडीच्या आजारानुसार स्क्रू फिरवत बसलो असतो. स्लो जेट बाहेर काढून उजेडाकडे बघितला, भोक गोल आणि मोकळं. गाडी गरम करून आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास, मग एअर स्क्रू इंजिन जिथे सर्वात सहज चालतं तिथे.

पीयूसी काढलं. एप्रिल २००० नंतरच्या या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. गाडी त्याच्या बरीच खाली आली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

शुक्रवार संध्याकाळ, पाऊस, पवईला सगळं ठप्प. यापेक्षा वाईट परीक्षा या शहरात मिळणार नाही. इंजिनाची धग पायाला लागत होती, गाडी चालू. ऑफिसपासून घरापर्यंत एकदाही नाही. घरी आल्या आल्या गरम असतानाच मोजलं, एक्सायटर ३७२, स्थिर.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवार-मंगळवार मुसळधार, गाडी जागची हलवली नाही. कव्हर घातलेलं, पण वारा असा की कव्हरचा उपयोग नावाला. आज पाऊस ओसरल्यावर आधी कॉकखालची वाटी खोलली. पाण्याचा एक थेंब नाही, गाळ नाही. झाकणाच्या नव्या रबराचे तीसेक रुपये वसूल. पावसाळा संपेपर्यंत टाकी भरलेली ठेवायची, रिकामी जागा कमी तर ओलावा धरायला हवा कमी.

मामा गणपतीला येतायत. गाडी एकदा चालवून बघणार म्हणाले. त्याआधी पुढच्या डाव्या शॉकअपचं ऑइल सील गळतंय ते करायचं आणि नव्या नंबर प्लेटसाठी नाव नोंदवायचं. नोंदणीला आरसीवरचा चासी नंबर लागतो आणि आरसी अजून चिपळूणला मामांच्या कपाटात आहे. ती सोबत आणा म्हणून आत्ताच मेसेज टाकला.